चाफ्याची झोप

थप्प असा आवाज आला आणि प्रीताच्या हातातलं पातेलं सिंकमध्ये निसटलं. सावनी पडली, एवढंच तिच्या डोक्यात आलं. कुठून पडली, क्रिबला एवढे उंच कठडे असताना कशी पडेल, हे सगळे शहाणे विचार ती जिना अर्धा चढून गेल्यावर मागून धापा टाकत आले. वर पडदे ओढलेल्या खोलीत सावनी जिथं निजवली होती तिथंच निजली होती, एक मूठ कानाशी, ओठ किंचित विलगलेले. पायातल्या सॉकचा बारीक हिरवा दिवा लुकलुकत होता. तिच्या रक्तातला प्राणवायू आणि हृदयाचे ठोके तो सॉक टिपायचा आणि प्रीताच्या फोनवर पाठवायचा. फोनवरचे आकडे चांगले होते, छाती वरखाली होताना दिसत होती. तरीही प्रीतानं वाकून तिच्या नाकाखाली बोट धरलं. दिसणं वेगळं आणि बोटाला लागणं वेगळं. बोटाला ऊब लागली, गेली, पुन्हा लागली. ती जायची आणि परत यायची, त्या मधल्या एवढ्याशा फटीत प्रीता गेलं सव्वा वर्ष राहत होती.

खाली आल्यावर तिला कळलं, आवाज चाफ्याचा होता. डेकच्या काचेच्या दाराशी ठेवलेल्या कुंडीतल्या चाफ्याचं एक पान लाकडी जमिनीवर पडलं होतं. तिनं ते उचललं. वीतभराहून लांब, जाड, कडेला अजून हिरवट, मधे पिकून पिवळं झालेलं. हातात धरल्यावर त्याला चक्क वजन होतं. पानं गळतात ती तरंगत, असं तिला वाटायचं. बाहेर मेपलची तशीच गळत होती, सबंध सबडिव्हिजनभर, लाल आणि केशरी, कुणाचंही लक्ष नसताना. हे मात्र घरात, वारा नसताना, कुणी ठेवून द्यावं तसं पडलं होतं. फांदीवर जिथून ते सुटलं तिथं नखाएवढी खूण होती, नीट, कोरडी, शर्टाचं बटण उसवून जपून ठेवल्यावर मागं राहते तशी. ओढाताण नाही, फाटणं नाही. झाडानं स्वतःच कधीतरी आतून ठरवून तिथं एक दार बंद केलं होतं. ते पान हातात घेऊन प्रीता बराच वेळ उभी राहिली, सिंकमधला नळ वाहत होता तरी.

चाफा तिचा नव्हता, शोभनाकाकूंचा होता. काकू म्हणजे नात्यानं कुणी नव्हेत. पण ओहायोतल्या या डब्लिन गावातल्या निम्म्या मराठी घरांच्या त्या काकू होत्या. लग्न होऊन इथं आल्या, फार्मसिस्ट म्हणून निवृत्त झाल्या, नवरा गेला, मुलगी नैना दूर जॉर्जियात, अल्फारेटाला गेली, आणि काकू बेसमेंटभर झाडं घेऊन मागं राहिल्या. उन्हाळ्यात त्यांच्या डेकवर अळू, मोगरा, ओली हळद, कढीपत्ता असा काही पसारा असायचा की शेजारचे गोरे आजोबा कुंपणापलीकडून विचारायचे, धिस इज स्टिल ओहायो, राइट? आणि सप्टेंबर संपत आला की काकू म्हणायच्या, चला, आता सगळ्यांना झोपवायचं. आत आणायचं, झाकायचं असं त्या कधी म्हणत नसत. झोपवायचं. यंदा नैनाचं दुसरं बाळंतपण आलं ते नेमकं झोपवण्याच्या दिवसांत. बाकीची झाडं त्यांनी इकडंतिकडं वाटली आणि चाफा स्वतः व्हॅनमध्ये आडवा घालून, त्याला सीटबेल्ट लावून प्रीताकडं घेऊन आल्या.

"काकू, मला नको. माझ्याकडं मनी प्लांटसुद्धा टिकत नाही."

"टिकवायचं काय त्यात? तू काही करायचंच नाहीयेस, म्हणून तर तुला देतेय. पाणी बंद. आजपासून थेंब नाही. पानं पिवळी होतील, पडतील, पडू देत. सगळी पडली की बेसमेंटमध्ये नेऊन भिंतीशी ठेवायचा. मग हात लावायचा नाही, बघायचं नाही. एप्रिलपर्यंत विसरून जायचं."

"विसरायचं?"

"मग काय! झोपलेल्याला कुणी पाणी पाजतं का?"

हो, पाजतात, असं प्रीताच्या ओठावर आलं होतं. सावनीला झोपेतच पाजलं होतं, नाकातून घातलेल्या नळीनं, तिला पत्ता न लागू देता. सातव्या महिन्यात झालेली पोर. आईच्या पोटात जिनं अजून झोपायचं होतं ती काचेच्या पेटीत झोपली होती, आणि तिचा हात प्रीताच्या नवऱ्याच्या, देवांगच्या अंगठीत गेला असता. त्या खोलीत दिवस आणि रात्र यांच्यात फरक नव्हता, एकसारखा पिवळसर उजेड आणि पडद्यांवरच्या हिरव्या-निळ्या रेघा. सावनी मधेच श्वास घ्यायला विसरायची. विसरायची, हाच शब्द तिथले डॉक्टर वापरायचे, शी फरगेट्स टु ब्रीद, जसं कुणी छत्री विसरतं. मग रेघ सपाट व्हायची, घंटी वाजायची, नर्स शांतपणे येऊन तळपायाला दोन बोटांनी चोळायची आणि सावनीला आठवायचं. प्रीता त्या रेघेवरून नजर हलवत नसे. एकदा एक वयस्क नर्स तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली होती, लुक ॲट युअर बेबी, हनी, नॉट द स्क्रीन. प्रीतानं मान हलवली आणि स्क्रीनकडं बघत राहिली. बाळाकडं बघून काय कळणार होतं? बाळ तर दोन्ही वेळा सारखंच दिसायचं. ते आठवत होतं तेव्हाही आणि विसरलं होतं तेव्हाही, तसंच शांत, तसंच पापण्या मिटलेलं, देवळातल्या मूर्तीसारखं. हे तिला आजवर कुणाला सांगता आलं नव्हतं, की त्या दोन्हींतला फरक डोळ्यांना दिसत नाही.

आता सावनी गुटगुटीत नसली तरी धडधाकट होती. हार्ट छान, लंग्ज ब्यूटिफुल, असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी उन्हाळ्यातच सांगितलं होतं, सॉक काढून टाका, आता त्याची गरज तिला नाही. 'तिला' वर जरा जास्त जोर होता. प्रीतानं तो ऐकला आणि सॉकची पुढची साइझ मागवली. दुपारच्या झोपेनंतर सॉक काढला की सावनीच्या घोट्याखाली पट्ट्याची लालसर रेघ उमटलेली असे. ती त्यावर खोबरेल चोळी. आणि आता युनिव्हर्सिटीच्या मायक्रोबायॉलॉजीच्या लॅबनं तिला बोलावलं होतं, नागपूरच्या एम.एस्सी.नंतर पहिल्यांदाच हातात पिपेट येणार होतं. नोव्हेंबरातल्या एका सोमवारपासून रुजू व्हायचं, त्याच सोमवारपासून सावनीनं डे-केअरमध्ये जायचं. डे-केअर चालवणाऱ्या बाई गोड हसून म्हणाल्या होत्या, आमच्याकडं असली उपकरणं चालत नाहीत, आमचे डोळे आहेत ना. म्हणजे दुपारी, घरापासून दूर, कुठल्याशा चटईवर, दुसऱ्या पोरांच्या रांगेत सावनी नुसती झोपणार. नुसती. प्रीतानं बाईंना अजून होकार कळवला नव्हता. "आपण तारखा ढकलू शकतो का?" असं तिनं देवांगला विचारलं तेव्हा तो लॅपटॉप मिटून म्हणाला, "ढकलू की. कॉलेजपर्यंत ढकलू. डॉर्ममध्ये झोपेल तेव्हाही सॉक घालून पाठव." मग तिचा चेहरा बघून ओशाळला. "अगं, जोक होता." तिला माहीत होतं की जोक नव्हता. तो दमला होता, तीही दमली होती. घरात सगळ्यांत निवांत झोपायची ती एकटी सावनी.

पहिल्या पानानंतर चाफा थांबला नाही. रोज एखादं, कधी दोन. प्रीताला आता तो आवाज ओळखू येऊ लागला, तरी प्रत्येक वेळी नजर आधी जिन्याकडं जायचीच. खालची पानं आधी गेली, मग वरची, आणि टोकाची चारदोन कोवळी पानं मात्र हट्टानं हिरवी राहिली, वर्गात सगळे गेल्यावर बाकावर बसून राहिलेल्या मुलांसारखी. मग तीही गेली. उरल्या तीन राखाडी फांद्या, अंगठ्याहून जाड, बोथट, गाठाळ, एका खोडातून फुटलेल्या. कुणी नवखा माणूस आला असता तर म्हणाला असता, या काठ्या कुंडीत का रोवल्यात? देवांगनं त्या बेसमेंटमध्ये उतरवल्या, वॉशिंग मशीनच्या पलीकडच्या भिंतीशी. "गुड नाइट, सर," असं त्या झाडाला म्हणून तो वर आला.

प्रीताच्या लहानपणी, नागपूरजवळ कोराडीला वीजकेंद्राच्या कॉलनीत त्यांच्या क्वार्टरच्या फाटकाशी चाफा होता. धुराड्यांची राख बसून त्याची पानं कायम करडी असायची. बाबा रविवारी पाइप लावून ती धुवायचे. तो चाफासुद्धा थंडीत पानं टाकायचा का? टाकतच असणार. ती आठवू पाहत होती आणि तिला आठवत होती फक्त फुलं, नाहीतर पानं, नाहीतर चिकानं खराब झालेला शाळेचा फ्रॉक आणि आईची ओरड. उघडाबोडका चाफा तिला एकदाही आठवेना. दर हिवाळ्यात तो तिथं तसा उभा असेल, ती त्याच्या खालून सायकल काढत असेल, आणि त्याचं काय होणार म्हणून त्या घरात एकाही माणसाचा जीव कधी वरखाली झाला नसेल. कसं जमायचं आपल्याला न बघणं, असं तिला वाटून गेलं. एवढी मोठी गोष्ट डोळ्यांदेखत घडायची, अख्खं झाड जायचं आणि यायचं, आणि आपण डब्यात काय दिलंय ते विचारत शाळेत जायचो.

काकूंनी बघायचं नाही म्हणून सांगितलं होतं, आणि तेच तिला जमलं नाही. कपडे धुवायला खाली गेलं की नजर जायचीच. काठ्या. काल होत्या तशा, परवा होत्या तशा. एके दुपारी सावनी झोपल्यावर तिनं यूट्यूबवर फ्लोरिडातल्या कुणा आजोबांचा व्हिडिओ बघितला. झाड जिवंत आहे की नाही हे कळायचं असेल, ते म्हणत होते, तर नखानं साल जराशी खरवडा. प्रीता खाली गेली, आणि एका फांदीवर टोकाजवळ अंगठ्याचं नख ओढलं. राखाडी पापुद्रा निघाला आणि खाली हिरवं दिसलं. इतकं हिरवं! मटाराच्या कोवळ्या शेंगेच्या आतलं असतं तसं ओलं, चमकतं हिरवं, पानाचा मागमूस नसलेल्या, पाण्याचा थेंब न मिळालेल्या, अंधाऱ्या तळघरातल्या एका काठीच्या कातडीखाली. ती वॉशिंग मशीनला टेकून खालीच बसली. हे इथं चालू होतं तर. आवाज नाही, हालचाल नाही, एकही रेघ कुठं हलत नाही, आणि आत हे. तिला हसू यायला लागलं, डोळेही भरून आले. देवळात लहानपणी गाभाऱ्यात एकटीच सापडल्यावर व्हायचं तसं काहीतरी झालं, की आपण चुकून आत आलोय आणि इथं आपल्यापेक्षा फार जुनं, आपली गरज नसलेलं कुणीतरी बसलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा खरवडलं. का, ते तिला सांगता आलं नसतं. काल हिरवं होतं म्हणून आज असेलच असं थोडंच आहे? होतं. सुटकेची ती गोड शिरशिरी पुन्हा अंगभर गेली. मग त्याची सवयच झाली. सावनी झोपली, सॉकचा दिवा हिरवा लागला, नाकाखाली बोट धरून झालं, की जिना उतरून खाली, आणि खाली आणखी एक हिरवा. दर वेळी जागा नवी, कारण जुन्या जागेवर पोपडा धरलेला असे. एक दिवस तिला वाटलं, एवढं देतोय बिचारा, आणि घोट नाही. तिनं वरून फुलपात्रभर पाणी आणलं आणि घातलं. कोरड्या मातीनं ते आवाज करत ओढून घेतलं. त्या आवाजानं तिला इतकं बरं वाटलं की तिनं परत एकदा आणलं.

काकूंचा फोन आला तेव्हा मागं नवजात बाळ टाहो फोडत होतं. "काय म्हणतोय आमचा लेक? झोपला?"

"हो काकू. गाढ."

"आणि तुझी?"

"तीही झोपलीय."

"मग तू काय करतेयस जागी? तूही पड की जराशी. नैना बघ, पोर रडतंय आणि ही घोरतेय! मी म्हटलं, अगं तुझंय ना ते? तर म्हणते, आई, ही नोज हाउ टु क्राय, आय नो हाउ टु स्लीप." काकू खदखदा हसल्या. "बरं, फोटो पाठव माझ्या लेकाचा."

प्रीतानं फोटो पाठवला, कुंडी फिरवून, ओरखडे भिंतीकडं करून. तो पाठवताना तिला पहिल्यांदा जाणवलं की आपण काहीतरी लपवतोय. आणि त्याच आठवड्यात एका दुपारी नखाखाली तपकिरी लागलं. ओलं तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखं, आणि फांदीचं टोक बोटात दबलं. पिकल्या केळ्यासारखं दबलं. तिनं हात झटकन मागं घेतला. वास घेतला. हा वास तिच्या ओळखीचा होता, लॅबमध्ये जंतू वाढवायच्या प्लेट्स बिघडल्या की यायचा तो, गोडसर, आंबूस. जखमा, ओल, अंधार, बंद हवा. परीक्षेत कुणी तिला विचारलं असतं, बुरशी वाढायला काय काय लागतं, तर तिनं हेच लिहिलं असतं. तिनं एकेक करून सगळं पुरवलं होतं.

त्यानंतर ती खाली गेली नाही. कपडे साचले. देवांगनं विचारलं तर म्हणाली, कंबर धरलीय. पण घराच्या पोटात खाली ती फांदी आहे आणि तिच्यातून ते तपकिरी काहीतरी हळूहळू खाली उतरतंय, हे तिला स्वयंपाक करताना, सावनीला वरणभात भरवताना तळपायांना जाणवायचं. सावनी झोपली की ती आता खोलीतच बसून राहायची, खुर्ची क्रिबला लावून, फोन मांडीवर. डे-केअरच्या बाईंचा निरोप येऊन पडला होता, शुक्रवारपर्यंत नक्की कळवा, आमच्याकडं वेटिंग आहे. तिनं तो वाचला आणि उत्तर दिलं नाही. ज्या हाताला एक काठी जिवंत सांभाळता आली नाही तो हात पोरीवरून काढायचा तरी कसा, आणि ठेवायचा तरी कसा?

काकू ठरल्यापेक्षा आधी आल्या. शुक्रवारीच दुपारी बेल वाजली. दारात काकू, पायात स्नीकर्स, हातात नैनाच्या घरच्या डिंकाच्या लाडवांचा डबा. "विमानतळावरून घरी गेले, बॅग टाकली आणि आले. बाळ झोपलंय? बरं झालं, हळू बोलते. चाफा बघू आधी." काकूंचं हळू बोलणं शेजारच्यांनाही ऐकू गेलं असतं. प्रीताला वाटलं होतं वेळ मिळेल, शब्द जुळवता येतील. तिनं नुसता बेसमेंटचा दिवा लावला आणि त्यांच्यामागून उतरली.

काकूंनी कुंडी फिरवली. मग चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. फांद्यांवरून एक बोट सावकाश खाली आणलं, प्रत्येक ओरखड्यावर थांबत. "हे काय? मांजर पाळलंस की काय?"

"मी बघत होते काकू. जिवंत आहे का ते."

"रोज?"

"दुपारी. सावनी झोपली की."

"आणि पाणी?"

"थोडंसं. फुलपात्रानं. दोनदा."

काकूंनी कुंडीतली माती चिमटीत घेऊन पाहिली. मग म्हणाल्या, "अगं, निजलेल्या माणसाला दर थोड्या वेळानं चिमटा काढून 'आहेस ना, आहेस ना' विचारत राहिलीस, तर तो झोपेनं नाही मरायचा. तुझ्यानं मरेल." आवाजात राग नव्हता, किंवा होता पण तो झाडाच्या कामात लगेच वळवलेला होता. "बघू. या एकाच फांदीला लागलंय असं दिसतंय. खोडात उतरलं असेल तर मात्र संपलं, मग बाकीच्या दोन्हीही जातील. धारदार सुरी आण. आणि हळद आण, वाटीत."

प्रीता वर गेली, सुरी घेतली, हळद काढली. ओट्यावर फोन होता, त्यावरचे आकडे तिनं पाहिले, हात भरलेले म्हणून तो तिथंच राहिला. खाली काकूंनी वर्तमानपत्र पसरलं होतं. "धर. खोड घट्ट धर दोन्ही हातांनी. हलू देऊ नकोस."

पहिला काप टोकाचा. ती चकती पडली नाही, चिखलासारखी ओघळली. दुसरी जराशी घट्ट. काकडीच्या चकतीएवढी, आणि मधोमध तपकिरी वर्तुळ. तिसरी. वर्तुळ तेवढंच. काकू सुरी प्रत्येक कापानंतर पुसत होत्या. फार्मसीच्या काउंटरमागं उभं राहून जिंदगी गेलेल्या बाईचे ते हात होते, त्यांना घाई माहीत नव्हती. फांदी आखूड होत चालली. प्रीताला सुरीचा प्रत्येक दाब खोडातून तळव्यांत कळत होता, लाकडाचा नव्हे, मांसल काहीतरी कापल्याचा. आणखी एक. मधला डाग आता वाटाण्याएवढा उरला होता, मग मिरीएवढा, पण फांदीही उरली नव्हती. दोन-तीन बोटांवर ती खोडाला मिळत होती. काकूंनी सुरी टेकवली आणि थांबल्या. "हा शेवटचा," त्या म्हणाल्या. "याच्याखाली कापायला काही नाही." प्रीतानं डोळे मिटले नाहीत. तिला मिटायचे होते, पण झाड धरलेलं होतं आणि धरलेल्या माणसानं बघायला हवं असं तिला वाटलं.

चकती पडली. खाली पांढरं होतं. निर्मळ, ओल्या नारळासारखं, मधे एक ठिपकासुद्धा नाही. आणि त्या पांढऱ्याच्या कडेनं, सालीच्या आतून, एक एक करून थेंब फुटू लागले. दूध. गोल, जड, टपोरे. ते फुगले, एकमेकांत मिसळले, वाहिले, फांदीवरून खोडावर, खोडावरून प्रीताच्या बोटांवर. थांबायचं नावच घेईनात. आठवडेच्या आठवडे अंधारात, एकही पान नसताना, बाहेरून मेलेल्या लाकडासारखं दिसत असताना या झाडाच्या आत एवढं दूध भरून होतं. कुणासाठी? कुणी मागितलं नव्हतं. तिनं मारे नखांनी खरवडून खरवडून जे विचारलं होतं, त्याचं उत्तर तिच्या प्रश्नाहून कितीतरी मोठं होतं, आणि ते सगळा वेळ इथं होतं, तिच्या येण्याजाण्याकडं पाठ करून, आपल्या कामात. थेंब गार होता. तिला वाटलं होतं कोमट असेल. गार आणि चिकट, आणि त्याला फुलाचा नव्हे, पण फुलाच्या आधीचा असा काहीतरी हिरवा वास होता. काकूंनी अंगठ्यानं हळद घेतली आणि त्या पांढऱ्या तोंडावर दाबून बसवली, खरचटलेल्या गुडघ्यावर बसवतात तशी. दुधात भिजून ती लगेच केशरी झाली.

"आहे," काकू शेवटी म्हणाल्या. "अगदी आहे. आता याला एप्रिलपर्यंत मी माझ्याकडं नेते, तुझा काही भरवसा नाही." आणि हसल्या. "हात धू साबणानं. हा चीक डोळ्याला लागता कामा नये. पोरीला तर या हातांनी शिवायचंसुद्धा नाही, अंगावर पुरळ उठेल तिच्या. आणि हो, तुझ्या नोकरीचं काय झालं? कधी जाणारेस?"

तेव्हा प्रीताच्या लक्षात आलं की फोन वर आहे. किती वेळ झाला होता? ती चकत्या मोजत नव्हती, वेळही मोजत नव्हती. कितीतरी वेळ, वर्षभरात पहिल्यांदा, सावनी तिच्या मनात नव्हती. या जाणिवेसरशी ती चिकट हात अंगापासून लांब धरून जिना चढू लागली, मग दुसरा जिना. वर पोचायच्या आधीच तिला आवाज ऐकू आला. रडण्याचा नव्हे. बोलण्याचा, अर्थ नसलेल्या पण फार महत्त्वाच्या कुठल्यातरी गोष्टीचा खुलासा कुणीतरी कुणालातरी करत होतं, मधे थांबत, पुन्हा मुद्द्यावर येत. दार अर्धवट उघडं होतं. प्रीता तिथंच थबकली.

सावनी उभी होती. दोन्ही हातांनी कठडा धरून, दाराकडं पाठ करून, पडद्याच्या फटीतून आलेला उन्हाचा पट्टा भिंतीवर हलत होता त्याच्याशी बोलत ती उभी होती. प्रीतानं तिला असं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. फिजिओथेरपिस्टबाई आधार देऊन उभं करायच्या तेव्हा ती पाय पोटाशी घ्यायची. आणि आता ती उभी होती, एवढंच नव्हे, सरावानं उभी होती. एक हात सोडून तिनं भिंतीकडं दाखवलं, तोल गेला, तो तिनं न बघता सावरला, गुडघे वाकवून खाली बसली, पुन्हा कठडा धरून उठली. हे आजचं नव्हतं. हे तिला येत होतं. कितीतरी दुपारी, प्रीता खाली तळघरात असायची त्या वेळात, सॉकनं फक्त ठोके कळवले आणि बाकी काही कळवलं नाही अशा वेळात, ही इथं एकटी उठून उभी राहत होती, पडत होती, पुन्हा उभी राहत होती.

प्रीताच्या हातांवरचा चीक सुकत आला होता, बोटं एकमेकांना चिकटत होती. तिला आत जायचं होतं आणि जायचं नव्हतं. तिनं श्वास रोखून धरला होता, आणि आपण तो रोखलाय हे लक्षात आल्यावर तिनं तो सोडला.

"काय गं, उठली का?" काकूंचा आवाज खालून दोन जिने चढून आला.

"उठलीय," प्रीता म्हणाली. मग थोडं मोठ्यानं, "काकू, सोमवारपासून जातेय मी. सकाळी हिला सोडून."

आईचा आवाज ऐकून सावनीनं मान वळवली. तिनं प्रीताकडं नीट, सावकाश पाहिलं, ओळखीचं कुणी रस्त्यानं जाताना दिसावं तसं. हसली. आणि भिंतीवरच्या उन्हाला तिचं सांगायचं राहिलं होतं म्हणून पुन्हा तिकडं वळली.